मालवणच्या कातळावरचं दाण्याएवढं लाल शेवाळ : नागपुरात कोणी ओळखून देईल का?

ऑरेंजसिटीकर
राम राम मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जाऊन आलो. रॉक गार्डनच्या मागं ओहोटीच्या वेळी कातळावर उतरलो, तर सगळे सेल्फी काढून राहिले होते आणि आमची लेक (सातवीत आहे) उकिडवी बसून नखानं दगड खरवडून राहिली होती. मला वाटलं दगडावर कोणी काळं ऑइल सांडलं. तिनं ओंजळभर पाणी टाकलं आणि तो काळा पट्टा जांभळट लाल झाला. जवळून पाहिलं तर गालिच्याच्या लवीसारखं दाट काहीतरी. एकेक पातं तांदळाच्या दाण्याएवढं, फार तर सेंटीमीटरभर, बुडाशी दोऱ्यासारखं आणि टोकाला चपटं. चिमटीत धरून ओढलं तर तुटेना, रबरासारखं ताणून परत जागेवर.

चिमूटभर काढून समुद्राच्या पाण्यासकट बाटलीत भरलं. चूक तिथंच झाली. वर्धा येईपर्यंत बाटलीचं झाकण फुगलं. उघडलं तर समोरच्या बर्थवरच्या काकू म्हणाल्या, "सुकट आणली का हो?" घरी पोचलो तेव्हा शेवाळ शेंदरी झालं होतं, तीन दिवसांत पांढरं. मी मीठ टाकलेलं पाणी बदलून पाहिलं, फरक शून्य.

एक झुपका मात्र लेकीनं तिथंच वहीच्या पानात दाबला होता, तो शाबूत आहे. फेविकॉल वगैरे काही लावलं नाही, तरी कागदाला असा चिकटलाय की निघत नाही.

तर हे आहे काय? आणखी कुठं कुठं उगवतं? आणि घरच्या फिश टँकमध्ये मिठाच्या पाण्यात जगवता येईल का? तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवायचं आहे.

गोरेवाड्याचा_वाघ
फुटाळा तलावात सोडून द्या भाऊ. नाही तर अंबाझरीत टाका, जलकुंभीले सोबत होईल. (हलके घ्या.)

मृणाल_धरमपेठ
कागदाला आपोआप चिकटलं म्हणता? चायना ग्रास तर नाही ना हे? त्याचं भांडं घासायला घेतलं की असंच होतं, कडेला पापुद्रा धरून बसतं.

निवृत्त_वनस्पतीवाला
मृणालताई, तुम्ही फार जवळ पोचलात.

वर्णनावरून हे गेलिडियम वाटतं. दाण्याएवढं, टोकाला चपटं, दाट गालिचा करणारं, म्हणजे बहुधा गेलिडियम पुसिलम. पुसिलम या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'इवलंसं'. चायना ग्रास म्हणजे अगर, आणि अगर निघतो तो गेलिडियम, ग्रासिलेरिया या लाल शेवाळांपासून. पेशींच्या भिंतीतच तो असतो. म्हणून पातं रबरी लागतं आणि ओलं दाबलं की कागदाला चिकटतं. आम्ही हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, समुद्री शेवाळ लावताना डिंक वापरत नसू. ट्रेमध्ये पाणी, पाण्यात शेवाळ तरंगत ठेवायचं, खालून जाड कागद सरकवून अलगद उचलायचं, वर जुन्या मलमलचं फडकं आणि मग रद्दी पेपर. फडकं विसरलात तर शेवाळ रद्दीलाच चिकटतं. माझ्याकडचा एक नमुना अजून सराफा बाजाराच्या भावांसकट आहे.

पण "वाटतं" म्हणतोय, "आहे" म्हणत नाही. गेलिडिएला नावाचा त्याचा जवळचा भाऊ आहे, बाहेरून ओळखणं कठीण. फरक आत असतो. शाळेत सूक्ष्मदर्शक आहे ना? वाळलेलं एक पातं अर्धा तास मिठाच्या पाण्यात भिजवा, बटाट्याच्या फोडीला चीर देऊन त्यात उभं धरा आणि नव्या ब्लेडनं बटाट्यासकट पातळ काप घ्या. पन्नास घेतले तर दोन नीट येतील. आतल्या मोठ्या पेशींच्या मधून जाड भिंतीचे, काचेसारखे चकचकीत बारीक ठिपके दिसले तर गेलिडियम. त्यांना रायझीन म्हणतात. गेलिडिएलात ते नसतात. ब्लेड मुलीच्या हातात देऊ नका, तुम्ही धरा.

बी_एस्सी_थर्ड_क्लास
पन्नास काप आणि बटाटा! सर, डोळ्यात पाणी आणलंत. पॉलिसायफोनिया या लाल शेवाळाचं लाइफ सायकल हमखास यायचं परीक्षेत आणि मी हमखास चुकायचो. तीन तीन पिढ्या, त्यातली एक दुसरीच्या अंगावरच बसलेली. आमच्या हॉस्टेलात त्याला जॉइंट फॅमिली म्हणायचे.

मालवणची_सून_नागपूरची
म्हणजे माहेर मालवण, सासर नागपुरातलं महाल. रॉक गार्डनच्या त्या कातळावर लहानपण गेलं माझं.

वरून खाली उतरत गेलात की कातळाचे पट्टे बदलतात, ते बघितलंत का? अगदी वर फक्त शिंतोडे पोचतात, तिथं दगड जवळजवळ बोडका. त्याखाली पांढरे टोकदार खवले, अनवाणी गेलं की तळपाय सोलतात. मग कालवांचा पट्टा. आई-काकू कोयती घेऊन तिथंच बसायच्या. आणि कालवांच्या आसपास, खाली, फटीत आणि पाणी साचणाऱ्या डबक्यांच्या कडेला हा लाल गालिचा. आम्ही त्याला वेगळं नाव दिलेलं नव्हतं, शेवाळच. पण ओळख होती, कारण हिरव्या शेवाळावर पाय सटकतो, यावर तितका नाही. त्यात वाळू धरलेली असते, पायाला खरखर लागते. टोपीसारखे शिंपले दगडाला चिकटलेले असतात ना, त्यांच्या पाठीवरसुद्धा उगवतं. शिंपला आपला सरकतोय आणि पाठीवर लाल लव.

पावसात वेगळंच. तेव्हा वरच्या कातळावर जांभळट तपकिरी पातळ पापुद्रे येतात, ओल्या प्लॅस्टिकसारखे. श्रावणात भरपूर, दिवाळीला गेलात तर नावाला नाही.

निवृत्त_वनस्पतीवाला
सूनबाई, तुमचं हे वर्णन पुस्तकात घालण्यासारखं आहे. ते पावसाळी पापुद्रे म्हणजे पॉर्फायरा, सुशी गुंडाळतात त्या नोरीचं भावंड. तेही लालच. आणि दिवाळीला ते 'नसतं' असं नाही, बारीक होऊन बसतं. १९४९ मध्ये इंग्लंडमधल्या कॅथलीन ड्रू-बेकर बाईंनी दाखवलं की पॉर्फायराची एक पिढी शिंपल्याच्या चुन्यात शिरून गुलाबी धाग्यांच्या रूपात राहते. तोवर त्या धाग्यांना वेगळीच वनस्पती समजत. जपानची नोरीची शेती या एका शोधावर उभी राहिली, तिथं बाईंचं स्मारक आहे.

आता मूळ प्रश्न, 'कुठं उगवतं'. पुस्तकं काढलीत तर गेलिडियम पुसिलम जवळजवळ जगभर सापडतं असं लिहिलेलं दिसेल. युरोप, आफ्रिका, जपान, आपले दोन्ही किनारे. हे नाव ज्या नमुन्यावर बेतलं तो इंग्लंडच्या डेव्हनमधल्या सिडमथचा. जॉन स्टॅकहाउसनं १७९५ मध्ये त्याला फ्यूकस पुसिलस म्हटलं, १८६३ मध्ये ल जोलीनं त्याला गेलिडियममध्ये आणलं. पुढं जगात जिथं जिथं कातळावर असा इवला लाल गालिचा दिसला तिथं तिथं लोकांनी तेच नाव चिकटवलं. डीएनए तपासायला लागल्यावर लक्षात आलं की या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या जाती नांदताहेत, दिसायला सारख्या, रक्तानं लांबच्या. थंड सिडमथच्या शेवाळाचं आणि उन्हात तापणाऱ्या मालवणच्या शेवाळाचं नाव एकच असावं का, ही शंका रास्त आहे. जात इवली असली की असा अन्याय होतो. मोठी झाडं कोणी एका नावात कोंबत नाही.

म्हणून लेबलवर जातीचं नाव ठोकून देऊ नका. फक्त 'गेलिडियम' लिहा.

लोणारी_पाणी
विदर्भाले समुद्र पायजेच कशाला? आपलं लोणार लाल झालं होतं न जून २०२० मध्ये! लाल शेवाळच होतं ते.

निवृत्त_वनस्पतीवाला
नव्हतं. तेव्हा शेवाळाचंच नाव पुढं आलं होतं, हे खरं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं दखल घेतली, पाण्याचे नमुने आपल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडं आणि पुण्याच्या आघारकर संस्थेकडं गेले. निघाले हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाणी आवडणारे, गुलाबी रंग तयार करणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, क्षार वाढले, त्यांचं फावलं. शेवाळाशी त्यांचं नातं तुमच्या-माझ्याइतकंही नाही.

गोड्या पाण्यातली लाल शेवाळं असतात, पण फार थोडी. लाल शेवाळाच्या सात हजारांवर जाती, त्यातल्या शंभरात दोन-तीनच गोड्या पाण्यातल्या. बॅट्राकोस्पर्मम हे त्यातलं प्रसिद्ध. नावाचा अर्थ बेडकाची अंडी, आणि दिसतंही तसंच बुळबुळीत मण्यांच्या माळेसारखं. त्याला थंड, नितळ, सावलीतलं वाहतं पाणी लागतं. माझ्या विद्यार्थ्यांना ते आयुष्यभर काचपट्टीवरच दिसलं.

टँकवाले_काका
सर, एक लाल शेवाळ नागपुरात घरोघरी आहे, लोकांना माहीत नाही! फिश टँकमधल्या पानांच्या कडेला काळ्या दाढीसारखं उगवतं ते. गिऱ्हाईक वैतागून येते, "काका, हे काळं काऊन जाऊन नाही राहिलं?" मी त्यांना एक गंमत दाखवतो. काळ्या दाढीचं पान तोडून वाटीत सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवायचं. स्पिरिट हिरवट होत जाते आणि काळी दाढी लालसर निघते. हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरतो, लाल मागं राहतो.

ऑरेंजसिटीकर, तुमच्या टँकबद्दल स्पष्ट सांगतो. स्वैपाकाचं मीठ चालणार नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागं ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, पण ते सगळं मीठ नव्हे. मॅग्नेशियम, कॅल्शियम, काय काय असते. मरीन सॉल्टची बादली मिळते, महाग आहे. पाणी थंड ठेवायचा चिलर त्याहून महाग. मे महिन्यात लाइट गेले की संपलं. माझ्या एका गिऱ्हाइकानं हौसेनं मरीन टँक केला होता, आता त्यात मनीप्लांट आहे.

पेट्रीडिश
मे महिन्याचा विषय निघाला म्हणून. मी नोकरीला नवीन होतो तेव्हा शहरातल्या एका लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटा तयार करायचं काम होतं. अगर वितळवला, प्लेटा ओतल्या. एसी बंद पडलेला. तासाभरानं एक प्लेट तिरपी केली तर वरणासारखी हलून राहिली. मी बॅच खराब म्हणून पुरवठादाराला फोन लावून वाट्टेल ते बोललो. आमच्या मॅडमनी काही न बोलता थर्मामीटर टेबलावर ठेवलं. खोलीत ४१ अंश.

अगर गोठतो साधारण ३२ ते ४० अंशांच्या मध्ये. आमची खोलीच त्याहून गरम, तो गोठेल कसा? प्लेटा फ्रिजमध्ये सरकवल्या, थोड्या वेळात टणक. मग त्याच खोलीत, त्याच टेबलावर परत ठेवल्या, आणि आता त्या हलेनात. कारण एकदा गोठला की अगर ८५ अंशांच्या आसपास नेल्याशिवाय वितळत नाही. गोठायला एक तापमान, वितळायला भलतंच. जिलेटिन असतं तर त्या दुपारी प्लेटांची सोलकढी झाली असती.

बर्लिनमध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत नेमका हाच घोळ होता. जिलेटिनवर जंतू वाढवायचे, उन्हाळ्यात ते वितळायचं, शिवाय काही जंतू जिलेटिनच खाऊन टाकायचे. तिथं काम करणाऱ्या वॉल्थर हेसेच्या बायकोनं, फॅनी हेसेनं, १८८१ मध्ये सुचवलं की अगर वापरून बघा. ती घरी जेली त्याचीच करायची. जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून शिकली होती. पुढच्याच वर्षी कॉखच्या क्षयाच्या जंतूवरच्या लेखात अगरचा उल्लेख आला, फॅनीबाईंचा नाही. आज नागपुरातल्या कुठल्याही पॅथॉलॉजीत कल्चर लावतात ते या शेवाळाच्या गोतावळ्यावरच.

फोनवर मी ज्यांना बोललो त्यांना दुसऱ्या दिवशी सॉरी म्हटलं.

मृणाल_धरमपेठ
म्हणून तर! गेल्या वर्षी भिशीला पंधरा मे रोजी गच्चीवर चायना ग्रासचं पुडिंग ठेवलं होतं. दहा ग्रॅमचं पाकीट, अर्धा लिटर दूध. आइस्क्रीमचा रस्सा झाला, पुडिंगचे चौकोन मात्र जसेच्या तसे. सगळ्या म्हणाल्या, तुझ्या हाताला गुण आहे. कोणाला सांगू नका.

बाय द वे, उपासाला चालतं का हे?

बी_एस्सी_थर्ड_क्लास
ताई, त्यावर वेगळा धागा काढा. इथं दोनशे प्रतिसाद होतील आणि शेवाळ बाजूला राहील.

किनारा_वाचवा
मौजमजा ठीक आहे, पण एक गोष्ट. मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याचा गाभा. तिथून काही उचलायचं तर वनखात्याची परवानगी लागते. चिमूटभरच होतं हे मान्य, पण प्रत्येक पर्यटकाची लेक चिमूट काढायला लागली तर? आणि फुटाळ्यात सोडायचा विनोदसुद्धा नको. गोड्या पाण्यात हे मरेलच, पण सवय वाईट. तमिळनाडूत मंडपमला कॅपाफायकस हे परकं लाल शेवाळ शेतीसाठी आणलं, आणि २००८ मध्ये ते कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरलेलं आढळलं.

ऑरेंजसिटीकर
किनारा_वाचवा, बरोबर आहे तुमचं. आपण नेमके हद्दीच्या आत होतो की बाहेर हे पाहायचं डोक्यातच आलं नाही. पुढच्या वेळी फोटोच.

आता अहवाल. रविवारी शाळेच्या बाईंनी लॅब उघडून दिली. बटाटे दोन, ब्लेड चार, अंगठ्याला पट्टी एक (माझ्या). एकोणचाळिसाव्या कापाला जमलं. कडेला बारीक लाल पेशींची रांग, आत मोठ्या फिक्या पेशी, आणि त्यांच्या मधून सर म्हणाले तसे चकचकीत ठिपके. लेक म्हणाली साबुदाण्याच्या खिचडीत मोहरी फुटल्यासारखं दिसतं. मोहरी पांढरी कुठं असते, असं विचारलं तर माझ्याकडं पाहिलंच नाही.

वहीच्या कोपऱ्यातलं उरलेलं पातं तिनं दोन तुकडे करून दोन वाट्यांत टाकलं. एकीत नळाचं पाणी, दुसरीत काकांचं स्पिरिट. सकाळी पाहिलं तर पाण्याची वाटी फिकी गुलाबी आणि त्यातला तुकडा हिरवट. स्पिरिटची वाटी हिरवट आणि तुकडा लालसर. एकाच पात्यातून दोन रंग, तेही उलटसुलट! प्रदर्शनात आता या दोन वाट्याच ठेवायच्या ठरल्या. टँक रद्द, बायकोनं सुटकेचा श्वास सोडला.

सर, तिचा एक प्रश्न आहे. याला फूल नाही, बी नाही, तर दुसऱ्या दगडावर जातं कसं?

निवृत्त_वनस्पतीवाला
शाब्बास! पाण्यात उतरला तो लाल रंग फायकोएरिथ्रिन. तो पाण्यात विरघळतो, हरितद्रव्य स्पिरिटमध्ये. जिवंत पेशी त्याला धरून ठेवते, मेलेली सोडून देते. तुमच्या बाटलीतलं शेवाळ शेंदरी आणि मग पांढरं झालं, तेव्हा रंगद्रव्यंच एकामागून एक जात होती. हा रंग निळा-हिरवा प्रकाश टिपतो, तोच पाण्यात खोलवर पोचतो. म्हणून बहामाजवळ २६८ मीटर खोलीवर जे शेवाळ मिळालं ते लाल गटातलंच होतं.

कसं पसरतं? एक तर आडवे धागे दगडावर सरपटत जातात, हरळीसारखे. दुसरं, सूक्ष्म बीजाणू सोडतं, ते लाटांबरोबर जातात आणि जिथं टेकतील तिथं चिकटतात. लाल शेवाळाच्या नर पेशींना शेपटी नसते, पोहता येत नाही. पाणी नेईल तिकडं जायचं. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ग्रासिलेरियावर दाखवलं की आयडोटिया नावाचे छोटे समुद्री किडे शेवाळावर चरताना या नर पेशी अंगाला लावून मादी झुपक्यावर नेतात. मधमाशीचंच काम, पाण्यातलं. तिला हे नक्की सांगा.

आणखी एक. नागपूरकरांना समुद्र म्हटलं की मुंबई आठवते. नकाशावर पट्टी ठेवून पाहा, आपल्याला बंगालचा उपसागर जवळचा आहे. विशाखापट्टणमच्या कातळांवर गेलिडियम पुसिलम याच नावानं नोंदलेलं शेवाळ आहे. त्याची वाढ, बीजाणू सोडण्याचे हंगाम, त्यातून निघणारा अगर, यांचा अभ्यास तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं ओहोटीला जाऊन केला.

गोरेवाड्याचा_वाघ
सर, म्या हसण्यावारी नेलं होतं पण आता लय भारी वाटून राहिलं. पुढच्या सुट्टीत पोट्ट्याले घेऊन वैजाग.

ऑरेंजसिटीकर
लेबल असं केलंय, बघा चालेल का :
'गेलिडियम. मालवण, रॉक गार्डनमागचा कातळ. कालवांच्या पट्ट्याच्या खाली. ओहोटी, दुपार. दिवाळीची सुट्टी. गोळा करणारी : (लेकीचं नाव), इयत्ता सातवी.'

निवृत्त_वनस्पतीवाला
'दिवाळीची सुट्टी' चालणार नाही, तारीख लिहा. बाकी उत्तम. नाव पुढं कोणीतरी बदलेल, जागा कोणाला बदलता येत नाही, म्हणून ती नेमकी हवी. कातळाच्या कोणत्या अंगाला होतं? उन्हाच्या की सावलीच्या? आणि दगडावर होतं की शिंपल्यावर?

ऑरेंजसिटीकर
मला आठवेना. तिला विचारलं. म्हणाली, "सावलीच्या. मी चपला तिथंच काढल्या होत्या, उन्हाच्या बाजूला ठेवल्या असत्या तर पाय भाजले असते. आणि एक पातं शिंपल्यावरचं होतं, पण ते मी नाही काढलं. तो चालून राहिला होता."

तारखेसकट लिहून घेतलंय.